हलक्या खुर्च्या

रॉइस ज्या खुर्चीकडे हात नेई, त्या खुर्चीत मार्वा आधी जाऊन बसे, असं दुकानात शिरल्यापासून चाललं होतं. तिथल्या पोरीला वाटलं, म्हातारीचे पाय दुखत असतील. पाय कसले दुखतायत!  नवऱ्याने ती लोखंडी खुर्ची एका हाताने उचलून बघू नये, एवढ्याचसाठी तिचा सगळा आटापिटा. आणि रॉइस टिडवेलला तर कुठलीही वस्तू उचलून बघितल्याशिवाय तिच्याबद्दल मतच बनवता येत नसे. मग ते कलिंगड असो, कुत्र्याचं पिल्लू असो, नाहीतर मागच्या अंगणात मांडायचं जेवणाचं टेबल असो.

"ऊठ की जरा," तो म्हणाला. "वजन बघू दे."

"बसून बघतेय ना मी. वजन काय बघायचंय? डोक्यावर घेऊन नाचायचंय तुला?"

"वाऱ्याला नाचवता येऊ नये म्हणून बघायचंय."

जानेवारीत गॅरेजमधला जनरेटर सरकवता सरकवता हा माणूस गुडघ्यांवर बसला होता. बसला तो बसलाच, ओठ निळे पडले, आणि मार्वाने त्याला कसं गाडीत घातलं ते तिचं तिलाच आठवत नाही. डॉक्टरीणबाई तरुण होती, पण बोलायला एकदम रोखठोक. "मिस्टर टिडवेल, तुमच्या हृदयात आता फारसा दम उरलेला नाही. चार लिटर दुधाचा कॅन उचला, त्याहून जड काही नाही. पुढच्या वेळी तुम्ही घरी जालच, असं मी म्हणणार नाही." रॉइसने शहाण्यासारखी मान डोलावली. मग बाहेर आला आणि गाडीच्या दाराशीच त्याने बायकोकडून वचन घेतलं, की यातलं अक्षर गल्लीत कुणाला कळता कामा नये. लेकीलासुद्धा नाही.

का, तर जन्मभर वीज कंपनीत खांबावर चढलेला माणूस. वादळ आलं की सगळं गाव घरात आणि हा बाहेर, तारांशी झोंबत. निवृत्त झाला तरी कुणाच्या खिडकीला फळ्या ठोकायच्या असल्या, कुणाचं झाड पडलं, की गल्लीचं एकच, रॉइसला बोलवा. ही बोलावणी थांबली तर मग मी उरलो कशाला, असं तो म्हणाला नाही, पण मार्वाला ते ऐकू आलं. तिने वचन दिलं आणि कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. तेव्हापासून तिचा जीव टांगणीला. झोपेत तो घोरायचा थांबला की ही उठून बसायची. अंघोळीला जरा उशीर झाला की दाराला कान लावायची. तो दिसत नसला की भीती, आणि दिसला की, आता हा काय उचलतोय, याची भीती.

लोखंडाचा हट्टही काही उगाच नव्हता हो त्याचा. गेल्या सप्टेंबरात वादळ आलं तेव्हा दोघं लेकीकडे जॉर्जियाला गेलेली, आणि अंगणातल्या जुन्या पट्ट्यांच्या खुर्च्या बाहेरच राहून गेल्या. वाऱ्याने अंगणातल्या पोहायच्या हौदावरचा डासांच्या जाळीचा पिंजरा फाडला, कुंपणाच्या फळ्या उखडल्या आणि त्यातली एक खुर्ची उचलून शेजारच्या ओस्निएलच्या घरात नेऊन टाकली. खिडकीतून आत, थेट पाळण्यात. बाळ त्या वेळी आईच्या मांडीवर, बिनखिडकीच्या बाथरूममध्ये होतं म्हणून निभावलं. रॉइस परत आला आणि पाळण्यातली काच त्याने स्वतःच्या हातांनी वेचली. नवी खिडकीही स्वतः बसवली. ओस्निएल आणि त्याची बायको यादिरा, दोघं बिचारी म्हणत राहिली, "मिस्टर रॉइस, वादळ आहे ते, तुमचा काय दोष?" पण याने ते मनाला लावून घेतलं. जन्मभर लोकांच्या घरात दिवे लावले आणि म्हातारपणी खुर्ची धाडली, असं म्हणायचा.

"मिस मार्वा, हा ओतीव लोखंडाचा सेट आहे," दुकानातली टॉन्या म्हणाली. निळी नखं, आवाजात साखर. "एकदा मांडला की मांडला. कसलंही वादळ येऊ दे, हा जागचा हलणार नाही."

"ऐकलंस?" रॉइस म्हणाला.

मार्वाच्या मनात आलं, या पोरीला काय माहीत, ती कुणाच्या जिवावर उठलीय. पण तोंडाने ती म्हणाली, "गंजेल. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत लोखंड टिकलंय कधी?"

"रंग देईन दरवर्षी."

"उन्हात तापलं की बसणाऱ्याचं बूड भाजेल."

"गाद्या टाकू."

"गाद्यांना बुरशी येते."

"मार्वा, लोखंडाने तुझं काय घोडं मारलंय?"

 खरं उत्तर जिभेवर होतं आणि टॉन्या दोन हातांच्या अंतरावर उभी होती. मार्वा उठली आणि पलीकडे चालू लागली, आणि पाठीमागे नवऱ्याची पावलं ऐकू आल्यावरच तिने श्वास सोडला. तो मागे येतोय, म्हणजे तो काही उचलत नाहीये.

तिथे तो विणीचा सेट होता. दिसायला वेताचा, पण खरा वेत नव्हे, तशा दिसणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या, आत पोकळ ॲल्युमिनियमचा सांगाडा. मधासारखा रंग, वीण अगदी घट्ट, आणि पाठीला मस्त बाक. मार्वाने एक खुर्ची दोन बोटांनी उचलली. एवढी हलकी! बाईच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिने घाईघाईने दुसरीकडे पाहिलं, छत्र्यांचे रंग बघायचे असल्यासारखं.

"ही?" रॉइस म्हणाला. "शेजारच्याला शिंक आली तरी ही उडेल."

"उडायच्या आधी हौदात टाकू. सगळं गाव टाकतं."

"आणि टाकणार कोण?"

"मी टाकेन. बघितलंस ना, दोन बोटांनी."

"तू टाकणार," रॉइस म्हणाला, "आणि मी काय तिथे उभा राहून टाळ्या वाजवू?"

टॉन्या मध्ये पडली. तिला वाटलं असणार, नेहमीचं नवराबायकोचं आहे. "या सेटचं टेबल दोन तऱ्हांचं येतं. काचेचं घेतलंत तर फार शोभून..."

"काच नको!" दोघं एकदम म्हणाली. त्या दिवशी त्यांचं एकमत झालेली ती एवढीच गोष्ट. काच हौदात फुटली की पाण्यात दिसत नाही, पाय चिरला की मगच कळतं, आणि अख्खा हौद उपसावा लागतो. टॉन्या हसली. म्हणाली, बरं बाबा, पट्ट्यांचं घ्या. मार्वा त्या टेबलाखाली वाकून पाय बघायला लागली, आणि तेवढ्यात घोटाळा झाला. ती वर बघते तो रॉइस शेजारी नाही.

तो परत लोखंडापाशी पोचला होता. मार्वाने पळायचं म्हटलं तरी मध्ये टेबलं, छत्र्या, झोपाळे. ती पोचेपर्यंत त्याने खुर्ची जमिनीवरून कमरेएवढी उचलली होती. क्षणभर धरली. मग खाली ठेवली, पण ठेवली म्हणजे सुटलीच ती हातातून, आणि फरशीवर असा आवाज झाला की दुकानातल्या माणसांनी वळून पाहिलं. रॉइसच्या वरच्या ओठावर घाम होता आणि चेहरा राखेसारखा.  झालं, इथेच, या छत्र्यांच्या मध्ये, असं तिला वाटलं.

"छान आहे," रॉइस म्हणाला. शब्दांच्या मधे त्याला थांबावं लागत होतं. "हीच... घेऊ."

"आमची माणसं दारापर्यंत आणून देतात," टॉन्या म्हणाली. "मागच्या अंगणात न्यायला मात्र तुमचं तुम्हाला..."

"मी नेईन."

"मग मला काहीच नको," मार्वा म्हणाली. आवाज चिरकला तिचा. "टेबल नको, खुर्ची नको. आपण उभ्याने जेवू. मातीत बसून जेवू. मला हे लोखंड दारात नकोय, रॉइस, नकोय म्हणजे नकोय!" आणि तिला रडू फुटलं. भर दुकानात, सगळ्यांदेखत, ओठ वेडेवाकडे करून रडली ती. टॉन्या बिचारी कागदी रुमालांचा डबा घेऊन धावली.

रॉइस बघत राहिला. एवढ्या वर्षांच्या संसारात ही बाई सामानासुमानासाठी कधी रडलेली नव्हती. घर घेताना नाही, जळताना वाचलं तेव्हा नाही. त्याला कळायचं ते कळलं. त्याच्या जबड्याची शीर हलली, आणि तो टॉन्याला म्हणाला, "विणीचा द्या. हिचं मन बसलंय त्याच्यावर."

दोघं गाडीत बसली. मग रॉइस म्हणाला, "त्या पोरीसमोर मला म्हातारा केलंस."

"म्हातारा आहेसच. मला म्हातारा चालतो. भिंतीवर फोटो चालत नाही."

यावर तो हसला, पण मनापासून नव्हे. "एक लक्षात ठेव. वादळाची बातमी आली की एकूण एक खुर्ची हौदाच्या तळाला. माझ्या डोळ्यांदेखत. ओस्निएलच्या घरात पुन्हा माझी खुर्ची गेली तर मार्वा, मी हृदयाने नाही, लाजेने मरेन."

"टाकेन म्हटलं ना."

उन्हाळा बरा गेला. संध्याकाळी दोघं बाहेर बसायची, कोळंबी उकडायची, गोड थंड चहा प्यायची. अधूनमधून ओस्निएल आणि यादिरा यायची. छोटी अमाया आता पाळण्यातून उतरून चालायला लागली होती, ती खुर्चीच्या विणीत बोटं घालून ओढत बसायची. बघणाऱ्याला वाटलं असतं, काय सुखाचं चाललंय. पण मार्वाचं लक्ष जेवणात नसे. कारण जेवण संपलं की ओस्निएल हमखास म्हणायचा, "मिस्टर रॉइस, उद्या जरा हात लावाल का, धुलाईचं मशीन हलवायचंय." मग रॉइस म्हणायचा, कंबर धरलीय रे, आणि मार्वा ताटं उचलता उचलता देवाचं नाव घ्यायची. ओस्निएलच्या डोळ्यांत एकदा तिला दिसलं, की त्याला वाटतंय, म्हातारा आता टाळायला लागला. रॉइसलाही ते दिसलं. त्या दिवशी तो चहा न घेताच आत गेला.

ऑगस्ट सरता सरता रोवेना आली. आमच्याकडे वादळांना अशी मावशी-आत्यांसारखी नावं ठेवतात आणि मग त्यांना महिनाभर शिव्या घालतात. दुकानातलं पाणी संपलं, पाव संपला, लाकडाच्या फळ्या तर पहिल्याच दिवशी संपल्या. टिडवेलांच्या खिडक्यांना पत्रे होते, ते मार्वाने शिडीवर चढून स्वतः अडकवले. खाली रॉइस उभा, "डावीकडे, अगं डावीकडे, डावा हात कुठला ते विसरलीस का?" ओस्निएलला मात्र पाळण्याच्या खोलीच्या खिडकीपुरती फळी मिळाली नाही. त्याने काचेवर चिकटपट्टीची मोठी फुली मारली आणि रॉइसला हात हलवून दाखवला. असल्या फुलीने काच थांबत नाही हे रॉइसला पक्कं ठाऊक होतं. तो त्या फुलीकडे बघत उभा राहिला.

मग खुर्च्या. मार्वाने पहिली उचलली, हौदाच्या काठावर नेली आणि आत सोडली. खुर्ची तरंगली. तिने वरून काठीने दाबली. गेली खाली, आणि बदकासारखी पुन्हा वर. दुसरी टाकली, तीही तशीच. सहाच्या सहा खुर्च्या निळ्या पाण्यावर डुलत राहिल्या, जशा काही सुट्टीवर आल्यात. पोकळ सांगाडा आणि प्लास्टिक, बुडणार कशा? एवढं साधं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मार्वाला भीतीने हसूच फुटलं.

"हसू नकोस," रॉइस म्हणाला. "हे तुझं दोन बोटांचं फर्निचर."

"मी आत आणते सगळ्या. हॉलमध्ये रचून ठेवते."

पण रॉइसने तोवर टेबलाला हात घातला होता. टेबलाच्या पट्ट्या भरीव धातूच्या होत्या, तेव्हा ते उलटं करून खुर्च्यांवर दाबायचं, असं त्याच्या मनात आलेलं. मार्वा धावली. "तू नको, मी सरकवते, तू नुसतं सांग!" तिने टेबलाखाली पंचा घातला, ओढत ओढत काठाशी नेलं, आणि शेवटच्या ढकलीला रॉइसने खांदा लावलाच. टेबल पाण्यात पडलं, डुचमळलं आणि खुर्च्यांना खाली घेऊन बसलं. पाणी शांत झालं. वर काही दिसेना.

"बसल्या," रॉइस म्हणाला. तो काठावरच्या दगडावर टेकला होता आणि नाकाने नाही, तोंडाने श्वास घेत होता.

खुर्च्या आत आणायला हव्यात, हे मार्वाला त्या क्षणीही वाटत होतं. पण ते म्हटलं असतं तर हा उठला असता, पाण्यात उतरला असता. त्यापेक्षा हा बसलाय, आता याला आत नेऊन आडवा करावा. खुर्च्यांचं काय ते देव बघेल. माणूस भ्याला की त्याला पुढचं दिसत नाही, जवळचं तेवढं दिसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वादळाची कड आली. दिवे गेले. रॉइस गोळ्या घेऊन आरामखुर्चीत झोपला होता, तोंड उघडं, छाती वरखाली होतेय. मार्वा त्या छातीकडे बघत बसली होती. छतावर काहीतरी धाडकन पडलं तेव्हा ती उठून मागच्या सरकत्या दारापाशी गेली. त्या दाराचा एक पत्रा अर्धाच बसला होता, तिथल्या फटीतून तिने बाहेर पाहिलं.

हौद काठोकाठ भरून वाहत होता. पाण्याला वाऱ्याने असं घुसळलं होतं की टेबल एका कोपऱ्याला सरकलं होतं. दोन खुर्च्या वर आल्या होत्या. तिच्या डोळ्यांदेखत त्यातली एक पाण्याबरोबर काठावर आली, फरशीवरून घसरत गेली आणि जाळीच्या मोडक्या पिंजऱ्याच्या खांबाला जाऊन अडकली. खांबाच्या पलीकडे कुंपणातलं भगदाड, आणि भगदाडाच्या पलीकडे ती पांढरी फुली.

फोन करावा? आणि सांगणार काय? ओस्निएल म्हणेल, मिस्टर रॉइस बाहेर जाऊन धरत का नाहीत? रॉइसला उठवावं? उठला की तो चपला घालायलाही थांबणार नाही. मार्वाने एकदा मागे वळून त्याची छाती हलतेय ना ते बघितलं, दार हातभर सरकवलं आणि बाहेर पडली.

वाऱ्याने तिला उभं राहूच दिलं नाही. ती गुडघ्यांवर, मग पोटावर, अशी सरपटत खांबापर्यंत गेली. पाऊस तोंडावर खडीसारखा लागत होता. एक हात तिने खांबाला घातला आणि दुसरा खुर्चीच्या विणीत, बोटं पार रुतवून. ती खुर्ची, दोन बोटांनी उचलली जाणारी, आता हिसके मारत होती. खांदा निखळतोय की काय असं मार्वाला वाटलं. तिकडे दुसरी खुर्ची काठाशी डोकं वर काढत होती. आपण इथे मरू, असं तिच्या मनात आलं, आणि लगेच दुसरं आलं, मग त्याच्या गोळ्या कोण देणार.

आणि दारात रॉइस उभा होता.

पत्र्याच्या फटीतल्या काचेमागे त्याचा चेहरा आणि दोन तळहात. त्याने दार सरकवलं. एक पाय बाहेर टाकला.

"नको!" मार्वा किंचाळली. "रॉइस, आत जा! आत जा रे!" तिचं तिला ऐकू आलं नाही. वाऱ्याने सगळं नेलं. मग तिने वेड्यासारखं केलं. खांबावरचा हात काढला आणि तो आपल्या छातीवर, डाव्या बाजूला, थापला. एकदा, दोनदा. तेवढ्यात वाऱ्याने तिला वीतभर पुढे ओढलं, आणि तिने खांब पुन्हा पकडला.

रॉइसने ते पाहिलं. तो तसाच, एक पाय आत, एक पाय बाहेर. जन्मभर वादळात हाच बाहेर असायचा आणि ही आत, फटीतून बघत. पाय मागे घेताना त्याचा चेहरा जो झाला तो मार्वाने त्या पावसातही पाहिला. मग तो फटीतून नाहीसा झाला.

ती वाट बघत राहिली. फटीत कुणी नाही. अजून नाही. पडला, तिला वाटलं. आत जमिनीवर पडलाय. ओठ निळे झालेत आणि मी इथे प्लास्टिकची खुर्ची धरून बसलेय. तिला पाळण्याच्या खोलीची खिडकी समोर दिसत होती, काचेवरची फुली दिसत होती. अमायाची बोटंही डोळ्यांपुढे आली, विणीत अडकणारी. सगळं दिसत होतं तिला. आणि तरी मार्वा टिडवेलने, सगळं समजून उमजून, विणीतली बोटं एकेक करून सोडवायला सुरुवात केली. शेवटचं बोट सुटलं. खुर्ची गेली.

खुर्ची भगदाडाशी पोचली आणि तिथेच थांबली. दोन काळे हात खुर्चीच्या पायाला घट्ट धरून होते. ओस्निएल होता. चिखलात आडवा पडलेला, कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक कुठेतरी त्याच्या घरात.

"मिस मार्वा! हलू नका, मी येतो!"

खुर्ची छातीखाली दाबत तो मार्वापर्यंत सरपटत आला. दोर तिच्या काखेतून घातला आणि कानाशी तोंड नेऊन ओरडला, "मिस्टर रॉइसनी फोन केला. म्हणाले, माझं हृदय गेलंय, मला दाराबाहेर पडता येत नाही, बायको बाहेर आहे, तिला आण. म्हणाले, यादिराला पोरीला घेऊन बाथरूममध्ये बसव, आणि तू ये." मग त्याला राहवलं नाही. "केव्हापासून हो? आम्हाला सांगायचं नाही का?"

 ओस्निएलने तिला आणि ती खुर्ची, दोन्ही ओढत दारापर्यंत नेलं, आत ढकललं आणि पुन्हा बाहेर गेला. एकेक करत उरलेल्या खुर्च्या त्याने काठीने ओढून काढल्या आणि आत लोटल्या. काही मोडल्या, एकीची वीण पार उसवली. हॉलभर पाणी आणि खुर्च्या झाल्या. मग तो दोर गुंडाळत म्हणाला, "जातो मी, त्या दोघी घाबरल्या असतील," आणि रॉइसकडे न बघता, त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेला.

रॉइस दारापाशी जमिनीवर बसला होता. फोन अजून हातात. जिवंत. मार्वाने आधी ओठ बघितले, मग मान, मग मनगट हातात घेऊन नाडी. तो तिला बघू देत होता, एरवी झटकायचा. त्याचे हात थरथरत होते, दात वाजत होते, आणि कपडे तर कोरडे होते.

"दुखतंय का? खरं सांग. गोळी देऊ?"

"दुखत नाहीये."

"मग असा का थरथरतोयस?"

 छतावर वारा नुसता आपटत होता. मग त्याने तिच्या हाताची सोललेली बोटं आपल्या तळहातावर घेतली आणि त्यांच्याकडे बघत म्हणाला, "तू दिसेनाशी झालीस ना एकदा, पावसात. मला वाटलं, गेली." मग त्याने वर बघितलं. "मार्वा, तुला एवढी भीती वाटते? माझ्यासाठी? रोज?"

"रोज," मार्वा म्हणाली.